अस्वल आलं तर?

‘अस्वल आलं तर?’

बहारीनमध्ये हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. तुम्ही बहारीनमध्ये राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको, आणि राहिला नसाल तर सांगतो: या बेटावर तेल आहे, बँका आहेत, मांजरं आहेत, आणि ऑगस्टमध्ये गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येईल असं ऊन आहे. अस्वल नाही. त्याला यायचंच असेल तर सौदीहून समुद्रावरचा लांबलचक पूल ओलांडून, इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून यावं लागेल. पण आमच्या सरांचा प्रश्न कायम होता. सखीरच्या उजाड माळावर, जिथे गवताचं पातंही लाजत उगवतं, तिथे ते जेवणाच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारायचे, ‘ही अशी उघड्यावर ठेवलीत? अस्वल आलं तर?’

आमच्या बांधकाम कंपनीत ते सेफ्टीचे प्रमुख होते. मी पर्चेसमध्ये. माझं नाव त्यांना माहीत होतं, पण ते हाक खात्याच्या नावानेच मारायचे. ‘काय रे पर्चेस, जिना उतरताना फोन बघतोस?’ मी त्यांना सर म्हणायचो. बुटका, भरल्या पोटाचा, मिशी काटेकोर कापलेला माणूस. आठवड्याचे पाच दिवस हा मनुष्य दुसऱ्यांना पडण्यापासून, घसरण्यापासून, भाजण्यापासून वाचवायचा. कॉफीच्या कपाला झाकण नसेल तर लिफ्टमध्ये शिरू द्यायचा नाही. एकदा कंपनीच्या मालकालाच त्यांनी जिन्यात अडवलं होतं आणि कठडा धरायला लावला होता. मालकांनी मुकाट्याने कठडा धरला आणि पुढची काही वर्षं सरांची बढतीही तशीच घट्ट धरून ठेवली.

आणि शुक्रवार-शनिवार आला, हवा जरा गार झाली, की हाच माणूस दगडांवर झोपायला निघायचा.

त्याचं मूळ अमेरिकेत होतं. आधीच्या कुठल्याशा नोकरीत त्यांना तिकडे धाडलं होतं, पार ईशान्येच्या कोपऱ्यात, न्यू हॅम्पशर नावाच्या डोंगराळ राज्यात. तिथल्या जंगलात त्यांनी एकदा मुक्काम केला होता. एकदाच. पण तो एक मुक्काम आम्ही सात-आठ वर्षं ऐकत होतो, आणि दरवर्षी त्यात एखादा डोंगर वाढत होता.

‘तुम्हाला कल्पना नाही येणार,’ ते सुरू करायचे. ‘तिथे कँपसाइट नाही, नळ नाही, संडास नाही, नंबर नाही. रस्ता सोडायचा, झाडांत शिरायचं, सपाट जागा दिसली की तंबू ठोकायचा. ओढ्याचं पाणी गाळून प्यायचं. कचरा पाठीवर टाकून परत आणायचा. कोणी विचारत नाही तू कोण, कुणाच्या व्हिसावर आलास, कधी जाणार.’

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा. मग आमच्यापैकी कोणीतरी ‘आणि अस्वल?’ असं विचारायचा आणि गाडी परत रुळावर यायची.

आता, बहारीनमध्ये हिवाळ्यात वाळवंटात तंबू टाकायची रीतच आहे. इथले लोक महिनोन् महिने टाकतात. पण ते तंबू म्हणजे काय? आत गालिचे, लोड, टीव्ही. बाहेर जनरेटर, दिव्यांच्या माळा, मुलांना झोपाळे. रात्री राजधानी मनामाहून जेवण मागवतात आणि ते येतंही. थोडक्यात, घरी जे जे आहे ते सगळं उचलून वाळूत आणून मांडायचं. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक याला आनंद समजतो. सर याला अधःपतन समजायचे.

‘आपण प्रिमिटिव्ह करायचं,’ ते म्हणायचे. ‘आदिम. आदिम म्हणजे आदिम. पाव चालेल, बटर नाही.’

या आदिम जीवनासाठी त्यांनी ऑनलाइन नोंदणी केली, ओळखपत्राचा फोटो चढवला, जागेचा नंबर घेतला आणि नकाशावर चौकोन पाहून गाडी लावली. नंबर मिळाला त्या दिवशी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. रानात राहायला निघालेल्या माणसाच्या हातात कोणीतरी रेशनकार्ड ठेवावं, तसा.

झाडाचा प्रश्न होता. अस्वलाच्या नियमाप्रमाणे जेवणाची पिशवी तंबूपासून लांब, उंच फांदीला दोरीने टांगायची असते. सखीरमध्ये फांदी कुठून आणणार? सरांनी साइटवरून परांचीचे तीन पाइप आणले. माझ्या गाडीच्या टपावर बांधून, कारण त्यांच्या गाडीच्या टपाला ओरखडे पडले असते. त्या पाइपांची तिपाई उभी केली आणि तिला, मी शपथेवर सांगतो, हिरवा टॅग लावला. परांची तपासून पाहिली, चढायला सुरक्षित आहे, असं सांगणारा टॅग. खाली सही. मग तिपाईला पिशवी लटकवली. पिशवीत दोन पाव, उकडलेली अंडी आणि खजूर.

त्या पिशवीवर पहिल्याच वर्षी हल्ला झाला. मांजराने केला. पाइपवरून सुळसुळत वर गेलं, अंडी खाल्ली, पाव टाकून गेलं.

‘पद्धत बरोबर होती,’ सर म्हणाले. ‘प्राणी चुकीचा होता.’

निघण्याआधी गाड्यांपाशी उभं करून ते आम्हाला भाषण द्यायचे, साइटवर मजुरांना सकाळी देतात तसं. प्रत्येकाच्या गळ्यात एक केशरी शिट्टी. तंबू एकमेकांपासून लांब लांब टाकायचे, कारण म्हणे आदिम माणूस घोळका करून राहत नाही. सकाळी फावडं घेऊन जायचं ते तंबूंपासून पुरेसं दूर. आणि हरवलात तर चालायचं नाही. आहे तिथे बसायचं आणि शिट्टी वाजवायची. आम्ही माना डोलवायचो. जिथून आमच्या ऑफिसची इमारत जवळजवळ दिसते अशा जागी हरवायचं कसं, हे मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग जात कशाला होतात? खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही त्यांची गंमत बघायला जायचो. रविवारी ऑफिसात सांगायला काहीतरी मिळायचं. चार-पाच जण असायचो, दर वर्षी एखादा गळायचा. मी टिकलो.

एका वर्षी माझे वडील बहारीनला आले होते. अण्णा एसटीतून निवृत्त झालेले, राहायला वाईला. आई जाऊन काही महिने झाले होते. त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून मी व्हिजिट व्हिसा काढून आणलं आणि मनामातल्या इमारतीच्या बाराव्या मजल्यावर एकटं ठेवलं. मी आणि माझी बायको मेधा सकाळी कामाला जायचो, संध्याकाळी यायचो. अण्णा ज्या खुर्चीत सोडले त्याच खुर्चीत असायचे. टीव्ही चालू, आवाज बंद. जेवता का? जेवतो. बरं आहे का? बरं आहे. फिरायला जाऊ या का? नको. मेधा एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘अरे, ते घरात आहेत हे कधीकधी माझ्या लक्षात राहत नाही. मला भीती वाटते.’

एका रविवारी सर जेवायला आले. पहिली पोळी संपायच्या आत न्यू हॅम्पशर सुरू झालं. मी आणि मेधा नेहमीप्रमाणे ऐकल्यासारखं करत होतो. अण्णा मात्र घास हातात धरून थांबले होते. गोष्ट संपली तसं सरांनी सहज विचारलं, ‘अण्णा, येणार का आमच्याबरोबर? थंडी आहे, दगड आहेत, सोय काही नाही.’

‘येतो,’ अण्णा म्हणाले.

दोन महिन्यांत त्यांना हवी वाटलेली ही पहिली गोष्ट. मी ‘अण्णा, तुमच्या हृदयाच्या गोळ्या’ वगैरे म्हणायला लागलो तर मेधाने टेबलाखालून पाय दाबला.

तर जानेवारीत आम्ही गेलो. सर, मी, अण्णा, आणि वसईचा डॉमनिक, जो हॉटेलात काम करायचा आणि आदिम जीवनातून सुटका म्हणून गाडीच्या डिकीत चोरून तळलेले बोंबील आणायचा. सरांचा तंबू एका टोकाला, डॉमनिकचा दुसऱ्या, माझा आणि अण्णांचा तिसरीकडे. जरा पलीकडे एका बहारीनी कुटुंबाचा भलामोठा तंबू होता. मुलं, नातवंडं, जनरेटर, आणि माणसाएवढे दोन स्पीकर. संध्याकाळपासून गाणी सुरू.

सर बसल्या जागी तापत गेले. शेवटी उठले. ‘निसर्गात शांतता पाळायची असते, हे सांगून येतो,’ म्हणाले आणि गेले. परत आले ते खजुरांचं ताट आणि चहाचा थर्मास घेऊन.

‘काय झालं, सर?’

‘त्या तंबूचा मालक फार चांगला माणूस आहे,’ सर पडेल आवाजात म्हणाले. ‘अबू खालिद. मला विचारतो, सद्दीक, तुम इदर नींद? बेड मफी? म्हणजे, दोस्ता, इथे झोपता, पलंग नाही? त्याला वाटलं आपल्याकडे पैसे नाहीत. दोन गाद्या पाठवतो म्हणाला.’

अण्णा हसले. आवाज काढून हसले. मी इतका चमकलो की चहा सांडला.

सकाळी मला जाग आली ती अण्णांच्या अंथरुणाला हात लागून. अंथरूण गार होतं. तंबूची चेन उघडी. बाहेर डोकं काढलं तर जगच नव्हतं. धुकं. बहारीनमध्ये हिवाळ्यात कधीकधी असं धुकं उतरतं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं पुसट दिसतात. हाकेवरची माझी गाडी दिसत नव्हती. तंबूबाहेर ठेवलेलं फावडं नव्हतं.

‘अण्णा!’

धुक्याने हाक गिळली. मी परत ओरडलो. सर कुठूनतरी धडपडत आले, पायात बूट उलटसुलट. एका क्षणात सगळं समजले. त्यांनी शिट्टी वाजवली. मी वाजवली. डॉमनिकने तिकडून वाजवली. आम्ही थांबून ऐकलं. दूर कुठेतरी गाडी जात होती. माळाच्या पलीकडे तेलाच्या टँकरचा रस्ता होता आणि त्या रस्त्यावर धुक्यात कोणी वेग कमी करत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अण्णांच्या अंगात पातळ स्वेटर. गोळ्या माझ्या बॅगेत.

‘कोणी हलायचं नाही,’ सर म्हणाले. ‘ते बसले असतील. मी सांगितलं होतं बसायचं.’

आम्ही हललो नाही. शिट्ट्या फुंकत राहिलो. काही उत्तर आलं नाही. आणि मग ज्यांनी कुणीही हलायचं नाही असं बजावलं होतं, ते सर स्वतःच धुक्यात पळत सुटले. ‘अण्णा, अण्णा’ असा आवाज लांब गेला, वाकडा गेला, मग बंद झाला. मला वाटलं आता दोघं गेले. थोड्या वेळाने ते परत आले. दगडावर आपटून नडगी फुटली होती, पँट रक्ताने चिकटली होती. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला कधी पळताना पाहिलं नव्हतं. साइटवर क्रेन कोसळली होती त्या दिवशीही नाही.

‘पर्चेस, माझं चुकलं रे,’ ते म्हणाले. ‘म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात एक शिट्टी बांधली आणि मला वाटलं झालं काम.’

मग ते वळले आणि लंगडत अबू खालिदच्या तंबूकडे निघाले.

त्या माणसाने दोन वाक्यं ऐकली आणि तिसऱ्या वाक्याची वाट पाहिली नाही. झोपलेल्या मुलांना उठवलं. ‘यल्ला, यल्ला!’ जनरेटर धडधडला, दिव्यांच्या सगळ्या माळा लागल्या, दोन थोरले मुलगे गाड्यांचे दिवे लावून टँकरच्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. ते दोन भयंकर स्पीकर माळाच्या दिशेने फिरवले गेले आणि सरांच्या हातात माइक आला.

सरांनी घसा साफ केला. ‘अटेन्शन प्लीज. धिस इज अ सेफ्टी अनाउन्समेंट...’

अबू खालिदने कपाळाला हात लावला. ‘सद्दीक, बाबा का लँग्वेज में बोलो!’

‘अण्णा,’ सर म्हणाले, आणि तो आवाज अख्ख्या सखीरवर पसरला. ‘अण्णा, आम्ही इकडे आहोत. आवाजाच्या दिशेने चालत या. सावकाश या. घाई नाही. मी बोलत राहतो.’

बोलत राहायचं म्हणजे काहीतरी बोलायला हवं. थोडा वेळ त्यांनी ‘उजवीकडे दगड असतील, जपून’ असं काहीबाही सांगितलं. उजवी कुणाची, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग विषय संपले. आणि सरांचे विषय संपले की कुठे जातात, तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. न्यू हॅम्पशर सुरू झालं. झाडं, ओढा, सपाट जागा. मी ते पाठ म्हणू शकलो असतो. पण त्या दिवशी गोष्ट नेहमीच्या वळणावर वळली नाही.

‘अण्णा, मी पण हरवलो होतो,’ स्पीकर म्हणाला. ‘हे मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यासारखाच फावडं घेऊन गेलो. मागे वळलो तर तंबू नाही. सगळी झाडं सारखी. मी बसायला हवं होतं, पण मी पळालो. जितका पळालो तितका लांब गेलो. चष्मा पडला. दिवसभर ओरडत होतो, अण्णा. शेवटी शेवटी मी आईला हाका मारत होतो, आणि तिला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. लोक विचारतात अस्वलाची भीती नाही वाटली? नाही वाटली हो. अस्वल आलं असतं तर बरं वाटलं असतं. कोणीतरी आलं असतं.’

डॉमनिक खाली बघत होता. अबू खालिदला शब्द कळत नव्हता, पण तो सरांच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

‘संध्याकाळी एक म्हातारा भेटला. बरोबर कुत्रा. त्याने मला काही विचारलं नाही. हाताला धरून रस्त्यावर आणलं. तंबू तिथेच राहिला. मी परत आणायला गेलो नाही. त्या जंगलात मी परत कधीच...’

सर थांबले. माइक धरलेला हात खाली आला. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती.

‘अहो, थांबलात का?’ धुक्यातून आवाज आला. ‘तो म्हातारा पुढे काय म्हणाला?’

आणि अण्णा आले. फावडं खांद्यावर, मफलर कानाला, चपलांना चिखल. शिट्टी गळ्यात जशीच्या तशी.

मी त्यांना धरलं आणि रागाने ओरडलो, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. ‘शिट्टी का नाही वाजवलीत?’

‘अरे, लोक झोपले होते ना. झोपमोड कशाला करायची?’

‘आणि आमच्या शिट्ट्या?’

‘ऐकू आल्या की. मला वाटलं, तुमची सकाळची कवायत चाललीय.’

अबू खालिदच्या तंबूत गालिच्यावर बसून आम्ही न्याहारी केली. लोडाला टेकून. गरम रोटी, अंडी, मध, आणि बटर. सरांनी बटर खाल्लं. अबू खालिदच्या सुनेने त्यांची नडगी धुऊन पट्टी बांधली, आणि ते लहान मुलासारखे पाय पुढे करून बसले होते. शेजारी अण्णा त्यांना त्या म्हाताऱ्याबद्दल, कुत्र्याबद्दल, एक-एक खोदून विचारत होते. सर सांगत होते. खरं काय ते सांगत होते.

मी रविवारी ऑफिसात काही सांगितलं नाही. डॉमनिकनेही नाही, आणि डॉमनिकच्या पोटात काही राहत नाही.

मला वाटलं होतं, आता अण्णा वाळवंटाचं नाव काढणार नाहीत. दोनच दिवसांनी त्यांनी विचारलं, ‘परत कधी?’ ते बहारीनमध्ये होते तोवर दर शुक्रवारी हे दोघं निघायचे. मला बोलवायचे, पण आग्रह नसायचा. एका संध्याकाळी मीही गेलो होतो; गाडीतून सामान काढत होतो आणि ते दोघं तंबूपुढे चहा पीत बसले होते. अण्णा आईबद्दल बोलत होते. शेवटच्या आठवड्यात तिने त्यांना ओळखलं नाही, दवाखान्यात त्यांना ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं, हे अण्णा सरांना सांगत होते. मला त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. सर काही सल्ला देत नव्हते. जिना चढताना कठडा धरा म्हणणारा माणूस नुसता ऐकत होता. मी तसाच गाडीमागे उभा राहिलो, हातात गादी घेऊन. हो, गादी. अबू खालिदने शेवटी पाठवलीच होती.

अण्णा वाईला परतले. फोनवर माझी चौकशी आटोपशीर करायचे आणि म्हणायचे, ‘सरांना दे.’

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने माणसं कमी केली. सरांचं वय झालं होतं, आणि कंपनीने सेफ्टीचं काम बाहेरच्या कुणाला तरी देऊन टाकलं. त्याच आठवड्यात रिसेप्शनपाशी नवा फलक लागला: सुरक्षितता हेच आमचं प्रथम प्राधान्य. निरोप समारंभही झाला. केक होता, उंटाचं चित्र असलेली काचेची भेटवस्तू होती, आणि मालकांचं भाषण होतं. मालक म्हणाले की हे आमच्या कुटुंबातले एक आहेत. कुटुंबातल्या या एकाचा व्हिसा महिनाअखेरीस संपत होता.

सर भाषणाला उभे राहिले, ‘थँक यू’ म्हणाले आणि बसले. न्यू हॅम्पशर नाही, काही नाही. सर पुण्याला परतणार होते; कोणीतरी मागून चेष्टेने म्हणालं, ‘सर, पुण्यात अस्वल आलं तर?’ सर हसले. मला तो हसणारा चेहरा बघवला नाही.

त्यांच्या बायकोबद्दल मी आतापर्यंत काही लिहिलं नाही, कारण आमच्या वाळवंटाशी वहिनींचा संबंधच नव्हता. त्या शाळेत शिकवायच्या, पेपर तपासायच्या, आणि नवरा दगडांवर झोपायला गेला की अरादच्या फ्लॅटमध्ये दार लावून शांतपणे पलंगावर झोपायच्या. जाण्याच्या दिवशी पहाटे त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. अरादपासून विमानतळ इतका जवळ की विमानं खिडकीच्या काचा हलवत जातात.

दार वहिनींनी उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

घर रिकामं होतं. सोफा गेला होता, पलंग गेला होता, पडदे गेले होते, भिंतीवर फक्त खिळे. दाराशी बॅगा बांधून उभ्या. आणि हॉलच्या मधोमध, फरशीवर, हिरवा तंबू लावलेला. फरशीत खुंट्या कशा ठोकणार? एक दोरी दाराच्या कडीला, एक गॅसच्या नळीला नव्हे हो, स्वयंपाकघराच्या ओट्याच्या नळाला, आणि दोन पाण्याने भरलेल्या बादल्यांना बांधल्या होत्या. ए.सी. चालू. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

‘नोटीस मिळाल्यापासून झोपच नव्हती,’ वहिनी कुजबुजल्या. ‘रात्रभर हॉलमध्ये फेऱ्या. काल पलंग पण गेला. मीच म्हटलं, लावा तुमचा तो तंबू. आत शिरले आणि दोन मिनिटांत झोपले.’

‘आणि तुम्ही?’

‘मी पण आतच होते,’ त्या म्हणाल्या आणि जरा लाजल्या. ‘एवढं काही वाईट नसतं.’

कप बॅगेत गेले होते. त्यांनी थर्मासच्या झाकणात मला चहा दिला आणि स्वतः वाटीत घेतला. आम्ही भिंतीला टेकून फरशीवर बसलो. बाहेर उजाडत होतं. एक विमान गेलं, काचा थरथरल्या, बादलीतलं पाणी हललं. घोरणं क्षणभर थांबलं, कूस बदलल्याचा आवाज आला, आणि पुन्हा सुरू झालं.

‘उठवायला हवं आता,’ वहिनी म्हणाल्या.

‘हो,’ मी म्हणालो.

आम्ही दोघंही जागचे हललो नाही.